पहिल्या बारा आठवड्यांचा हिशोब

१९२८ साली मुंबईत दोन घटना घडल्या. त्या एकमेकींना पूरक आहेत, हे तेव्हा फारसं कुणाच्या ध्यानात आलं नसावं. जुलै महिन्यात मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याच्या कारखान्यात ती स्त्री राबते त्या मालकालाही त्यांनी यातून मोकळं सोडलं नाही. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. त्याच १९२८ च्या अखेरीस लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाली. मुंबईतल्या गरीब स्त्रिया, त्यांत गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक जणी, गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि त्यातल्या काही दगावत. हा कुठला जंतू किंवा विष नसून आहारातली उणीव आहे, हे विल्सबाईंनी शोधून काढलं. यीस्टच्या साध्या अर्काने या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये वेगळा काढण्यात आला आणि फॉलिक ॲसिड या नावाने जगाला माहीत झाला.

गरोदर स्त्रीच्या काळजीचा खर्च कुणी उचलायचा, हा पहिला प्रश्न. तिच्या शरीराला काय लागतं आणि कधी लागतं, हा दुसरा. शंभर वर्षं होत आली, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आता बऱ्यापैकी हाती आहेत. पण ती एकमेकांना अजून भेटलेली नाहीत. शरीराची निकड गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत सर्वाधिक असते आणि आपला पैसा, मग तो सरकारी योजनेचा असो, विम्याचा असो की मालकाचा, पोहोचतो तो बहुधा सातव्या महिन्यानंतर किंवा थेट बाळंतपणाच्या खाटेपाशी. आपण बाळंतपणाला संरक्षण दिलं, गरोदरपणाला दिलं नाही. महाराष्ट्राने आता हे संरक्षण पुढून मागे, म्हणजे पाळी चुकल्याच्या महिन्यापर्यंत आणलं पाहिजे, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

आधी शरीराचं वेळापत्रक पाहू. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो ती गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि कित्येक जणींना दिवस गेल्याची अजून खात्रीही नसते. ती नळी नीट मिटली नाही तर मूल पाठीच्या कण्यातलं व्यंग घेऊन जन्माला येतं किंवा वाचतच नाही. ज्या आईचं आधीचं मूल अशा व्यंगाचं होतं तिला फॉलिक ॲसिड वेळेवर दिलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका जवळपास तीन चतुर्थांशाने घटतो, हे १९९१ साली ब्रिटनमधून झालेल्या मोठ्या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केलं. पाचव्या महिन्यात तीच गोळी दिली तर रक्तासाठी तिचा उपयोग होतो, पण कण्यासाठी वेळ टळून गेलेली असते. आकडीची, रक्तदाबाची, थायरॉइडची औषधं आधीपासून चालू असलेल्या स्त्रीचंही तसंच आहे. त्यातलं एखादं औषध गर्भाला घातक असेल तर ते बदलायचं ते पहिल्याच आठवड्यांत.

पहिल्या भेटीत दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळतात, ती साधी बाब वाटते. पण गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब निसर्गतःच थोडा उतरतो. एखादीला आधीपासूनच उच्च रक्तदाब असेल तर पाचव्या महिन्यात तो झाकला जातो, आणि आठव्यात वाढलेला दिसला की जुना आजार उघडा पडला की गरोदरपणातली प्री-एक्लॅम्प्सिया ही धोकादायक गुंतागुंत सुरू झाली, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही. दहाव्या आठवड्यात कार्डावर लिहिलेला एक आकडा हा गोंधळ टाळतो. शिवाय ज्यांना या गुंतागुंतीचा धोका जास्त, त्यांना कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची ती बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत. नंतर तिचा गुण कमी होतो. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब, रक्तगट, साखर, हिमोग्लोबिन या तपासण्यांचंही तेच. सिफिलिससारखा रोग पेनिसिलिनने आटोक्यात येतो, मात्र तो बाळापर्यंत पोहोचण्याआधी सापडला तर. नंदुरबार, गडचिरोली, अमरावती, चंद्रपूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा प्रश्न आहे. तिथे नवरा-बायको दोघांचीही तपासणी सुरुवातीलाच झाली तर पुढचा निर्णय विचार करून घेता येतो. सहाव्या महिन्यात ती झाली तर हाती फक्त माहिती उरते.

यात सगळ्यांत बोलका हिशोब रक्ताचा आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन अकरा ग्रॅमच्या खाली गेलं तर रक्तक्षय आणि सातच्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय. दहाव्या आठवड्यात एखादीचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं असं धरा. पहिली तिमाही संपताच रक्तवाढीच्या गोळ्या नेमाने घेतल्या, जंताची गोळी झाली, जेवणात डाळ-भाजी आली, तर महिन्याला साधारण एक ग्रॅमच्या हिशोबाने ती सहाव्या महिन्यापर्यंत अकराच्या आसपास येते. साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची ती लाल गोळी, रोज एक, रक्तक्षय असेल तर दोन, एकशे ऐंशी दिवस. सरकारी उपकेंद्रात ती फुकट मिळते. आता तीच स्त्री चौतिसाव्या आठवड्यात पहिल्यांदा आली असं धरा. गोळ्यांना वेळ उरलेला नसतो. शिरेतून लोह द्यावं लागतं, कदाचित रक्त चढवावं लागतं, ते तालुक्याला मिळत नाही, म्हणून जिल्ह्याला पाठवलं जातं. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर जी बाई अकरा ग्रॅमवर तगली असती ती साडेसातवर तगेलच असं नाही. काही रुपयांच्या गोळ्यांनी झालं असतं ते काम उशीर झाल्यामुळे रुग्णवाहिका, रक्तपेढी आणि शस्त्रक्रियागृहावर येऊन पडतं.

महाराष्ट्र यात कुठे आहे? २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. ही मोठी कमाई आहे. पण पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या माता साधारण ७१ टक्केच. किमान चार तपासण्या झालेल्याही ७० टक्क्यांच्या घरात. आणि किमान शंभर दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या निम्म्याहूनही कमी. गरोदर स्त्रियांमधला रक्तक्षय जवळपास ४६ टक्के. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव जणी बाळंत व्हायला दवाखान्याच्या दारात येतात, पण त्यातल्या पंचवीसेक जणींची पहिल्या तिमाहीत कुणी नोंदच घेतलेली नसते. स्त्रिया दवाखान्याला घाबरतात, त्यांना कळत नाही, हे जुनं स्पष्टीकरण इथे टिकत नाही. ज्या पंचवीस जणी नवव्या महिन्यात येतात त्या तिसऱ्या महिन्यात का येत नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर बऱ्याच अंशी आपण पैसा कुठे ठेवला यात आहे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीला रोख रक्कम मिळू लागली. २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, घरून आणणं आणि परत सोडणं हे सगळं मोफत झालं. लोक आले, कारण आधार खाटेपाशी मिळत होता. पण नऊ राज्यांतल्या जिल्ह्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण झपाट्याने वाढलं तरी ते आणि मातामृत्यू यांच्यात सरळ संबंध सापडला नाही. याचा अर्थ दवाखान्यातलं बाळंतपण निरुपयोगी, असा मुळीच नाही. दारात पोहोचलेली स्त्री कोणत्या अवस्थेत पोहोचते आणि आत तिला काय मिळतं, यावर बरंच अवलंबून असतं. त्यातली पहिली गोष्ट, म्हणजे ती कोणत्या अवस्थेत येते, ही आधीच्या आठ महिन्यांत ठरते.

आपल्याकडे गरोदरपण सातव्या महिन्यात जाहीर होतं. डोहाळजेवण तेव्हाच होतं. त्याआधी, विशेषतः पहिले तीन महिने, शेजारणीलाही सांगायचं नाही असा रिवाज. सरकारी योजना या रिवाजाला मोडता घालतील असं वाटावं, तर त्याही त्याच पंचांगाने चालतात. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेने रोज एक चौरस जेवण द्यायचं ठरवलं ते गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून. दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी करणारं सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे. त्याचा रोख दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीवर. नोकरदार स्त्रीची २६ आठवड्यांची रजा, त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ. प्रत्येक योजना आपापल्या जागी चांगली आहे. पण सगळ्या एकाच टोकाला गर्दी करून उभ्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, एकटी आहे. तिच्या पिशवीत लघवी तपासून दिवस गेले की नाही ते सांगणारं मोफत निश्चय किट असतं, पण त्या दोन रेघा उमटल्यानंतर पुढच्या तीन महिन्यांत त्या बाईच्या हाती ठोस पडेल असं काही तिच्या पिशवीत नसतं.

जिच्या उद्देशांत लवकर नोंदणी घडवणंही येतं, त्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेकडे थोडं जवळून पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीत नसलेल्या प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये योजना आली ती ५,००० रुपयांची आणि पहिल्याच अपत्यासाठी. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळू लागले. पहिल्या अपत्याचा ३,००० रुपयांचा पहिला हप्ता नोंदणी आणि एका तपासणीनंतर मिळतो, पण ही नोंदणी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत झाली तरी चालते. म्हणजे योजनेच्याच नियमानुसार सव्वीसावा आठवडा हासुद्धा वेळेवरचा! त्यात पैसा मिळवण्यासाठी स्त्रीच्या स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. महाराष्ट्रात लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. नव्या सुनेच्या आधारकार्डावर वडिलांचं नाव, रेशनकार्डावर ती अजून माहेरी, आणि खातं असलंच तर कॉलेजच्या दिवसांतलं. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत दिवस गेले तर ही कागदपत्रं जुळवता जुळवता पहिली तिमाही सरते. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, त्यामुळे नोंदणी सासरच्या उपकेंद्रात आणि सातव्या महिन्यापासून बाई दुसऱ्या जिल्ह्यात. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत असेल तरच मागच्या तपासण्या पुढच्या डॉक्टरला दिसतात. पतीचं आधार देण्याची सक्ती नव्या नियमांत उठली, हे स्वागतार्ह. नावाच्या जुळवाजुळवीवरही असाच तोडगा निघू शकतो.

विम्याची कथा वेगळी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत मिळतं, पण तिची रचना मुळात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. गरोदरपणाची काळजी ही बहुतांश खाटेविना होणारी गोष्ट आहे: रक्त-लघवीच्या तपासण्या, दोन-तीन सोनोग्राफी, गोळ्या आणि डॉक्टरशी दहा मिनिटं बोलणं. सरकारी केंद्रात हे मोफत आहे, पण सोनोग्राफीचं यंत्र किंवा ते चालवणारा डॉक्टर जवळ नसेल तर बाई खासगीत जाते आणि पैसे रोख मोजते. खासगी आरोग्य विम्यात बाळंतपणाचा लाभ असलाच तर त्यासाठी सहसा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं, वर रकमेची मर्यादा असते, आणि तपासणीचा खर्च अनेकदा त्यात धरलेलाच नसतो. कंपनीच्या सामूहिक विम्यात बऱ्याचदा थांबावं लागत नाही, पण ते वाचून पाहण्याची वेळ बहुतेक जोडप्यांवर बिल हातात आल्यावर येते. विमा कंपन्या म्हणतात, दिवस गेल्यावरच लोक पॉलिसी घेऊ लागले तर धंदा चालायचा कसा? त्यांच्या बाजूने हे खरंच आहे. विमा अनिश्चित संकटासाठी असतो, आणि गरोदरपण हे ठरवून येणारं, जवळपास सगळ्या कुटुंबांत येणारं काम आहे. म्हणूनच त्याच्या सुरुवातीच्या काळजीचा भार बाजारातल्या विम्यावर टाकता येत नाही. ब्रिटनमध्ये दहाव्या आठवड्याच्या आत पहिली भेट व्हावी असा दंडक आहे. ती भेट मोफत असते आणि गरोदरपणात व त्यानंतर वर्षभर औषधंही मोफत मिळतात. अमेरिकेने २०१० च्या कायद्याने व्यक्तिगत विम्यात मातृत्वाची काळजी आवश्यक लाभ ठरवली, गरोदर आहे म्हणून विमा नाकारणं बंद केलं. तिथल्या मराठी मुलींना हे संरक्षण आठव्या आठवड्यापासून वापरता येतं. बीडच्या मुलीच्या शरीराचं वेळापत्रक काही वेगळं नाही.

आणि बीडचं नाव घेतलं की ऊसतोड आठवलीच पाहिजे, कारण दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, आणि दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. दिवाळी आटोपताना जिची पाळी चुकली तिचे ते बारा आठवडे कोपीत आणि फडात जातात. तिची आशाताई गावात राहिली, उपकेंद्र गावात राहिलं. साखर कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राच्या लेखी ती बाहेरची. तपासणी मोफत आहे, पण तिच्यासाठी अर्धा दिवस मोडणं मोफत नाही. लवकर काळजी घेण्यातला सर्वांत मोठा खर्च तपासणीचा नसतो, बुडालेल्या मजुरीचा असतो. मानव विकास कार्यक्रमात बुडीत मजुरी या नावाने गरोदर स्त्रीला रक्कम देण्याची तरतूद आहे. कल्पना अगदी योग्य, फक्त तीही गरोदरपणाच्या उत्तरार्धात येते.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की राज्याचा मातामृत्यूदर मुळातच कमी आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार देशात लाख जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. मग एवढा आटापिटा कशाला? कारण ३३ ही सरासरी आहे, ती मुंबई-पुणे आणि मेळघाट-धडगाव यांना एका ओळीत बसवते. आणि त्याच नोंदणीत केरळ १९ वर आहे. दुसरं असं, की मृत्यू हे शेवटचं माप झालं. कमी वजनाचं बाळ, दिवस भरण्याआधीचं बाळंतपण, महिनोन्‌महिने रक्तक्षयाने थकलेली आई यांची त्या आकड्यात गणतीच नाही. मातामृत्यू रोखायला बाळंतपणाची खाट लागते. सुदृढ आई आणि पुरेशा वजनाचं बाळ हवं असेल तर काम बारा आठवड्यांतच सुरू व्हायला हवं.

दुसरा आक्षेप घराघरातला आहे: पहिल्या तीन महिन्यांत गर्भ राहतो की नाही याचीच शाश्वती नसते, मग नोंदणीची घाई कशाला, दृष्ट लागते. ओळखल्या गेलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के गर्भपातात संपतात, हे खरं आहे, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तिमाहीतच होतात. पण यातूनच उलटा निष्कर्ष निघतो. ज्या काळात रक्तस्राव होऊ शकतो, गर्भ नळीतच वाढत असेल तर सहा-आठ आठवड्यांत ती फुटून जीव जाऊ शकतो, त्याच काळात बाईला कुणी डॉक्टर ओळखत नाही, ही आपण लावलेली शिस्त आहे. गावभर सांगू नका, पण नर्सबाईला सांगा. आणि गर्भ गेलाच तर तो तिचा दोष नव्हता हे सांगणारं कुणीतरी जाणतं माणूस तिच्या ओळखीचं असू द्या.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे. तपासण्यांची संख्या वाढवून फायदा होतो याचा पुरावा तितका भक्कम नाही, असं ते म्हणतात. २००१ साली चार देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत मोजक्या भेटी पुरतात असं दिसलं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने चार भेटींचा पुरस्कार केला. पुढे बाळांचे मृत्यू वाढल्याचं आढळल्यावर २०१६ मध्ये आठ भेटींचं धोरण आलं, आणि त्या आठांतही पाच शेवटच्या तिमाहीत आहेत. मग पहिल्या भेटीचा एवढा आग्रह का? कारण पुढच्या सात भेटी जी तुलना करतात ती पहिल्या भेटीतल्या आकड्यांशी. वजन किती वाढलं, बीपी कुठून कुठे गेलं, बाळ दिवसांच्या मानाने वाढतंय की नाही, हे सगळं पहिल्या सोनोग्राफीत पक्क्या झालेल्या तारखेवर टेकलेलं असतं. तारीखच चुकली तर पुढचं प्रत्येक माप चुकतं. आणि हेही मान्य केलं पाहिजे, की पोर्टलवर टिचकी मारून झालेली नोंदणी ही काळजी नव्हे. हिमोग्लोबिन न तपासता कार्डावर दहा लिहिणं हे नोंदणी न करण्याहून वाईट, कारण त्याने खोटा दिलासा मिळतो. म्हणून मागणी भेटीची नाही, त्या भेटीत काय घडतं त्याची आहे.

चौथा आक्षेप पाळतीचा. दिवस गेले की लगेच सरकारकडे नोंद, म्हणजे गर्भपात करू इच्छिणाऱ्या, अविवाहित किंवा घरच्यांपासून लपवणाऱ्या स्त्रीवर नजर ठेवणं, ही भीती खोटी नाही. मुलींच्या घटत्या संख्येमुळे गर्भलिंगनिदानाविरुद्ध कडक कायदा लागला, तसा कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये देशात प्रथम केला, आणि तो हवाच. पण त्याच्या धाकाने कायदेशीर गर्भपातासाठी आलेली स्त्रीही संशयाच्या नजरेने पाहिली जाते. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढवली आणि स्त्रीची ओळख उघड करणाऱ्याला शिक्षा ठेवली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही हा हक्क समान आहे असं स्पष्ट केलं. लवकर काळजीत लवकर, सुरक्षित, गोपनीय गर्भपाताचाही समावेश होतो. तो जितका लवकर तितका निर्धोक. पहिल्या भेटीत मूल हवं आहे का, हे बाईला विचारलं गेलं आणि तिचं उत्तर त्या खोलीबाहेर गेलं नाही, तरच ती नोंदणी विश्वासाला पात्र ठरेल.

शेवटचा आक्षेप पैशाचा. मालकावर भार टाकला तर तो बायकांना कामावरच घेणार नाही, ही तक्रार गिरणीमालकांच्या काळापासूनची आहे आणि २६ आठवड्यांच्या रजेनंतर ती पुन्हा ऐकू आली. यात तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय हक्क कापणं नाही, खर्च वाटून घेणं आहे. कर्मचारी राज्य विम्यात नेमकं हेच होतं: २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक स्त्रीची रजेतली मजुरी मालकाच्या खिशातून थेट जात नाही, सगळ्यांच्या वर्गणीतून जाते, आणि बाह्यरुग्ण तपासणीही त्यातच येते. हे तत्त्व शेतमजूर, ऊसतोड, घरकामगार बाईपर्यंत न्यायचं तर वर्गणी सरकारलाच भरावी लागेल. परवडेल का? जे राज्य २०२४ पासून लाखो महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा करू शकतं, त्याने गरोदर स्त्रीच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी पैसा नाही असं म्हणणं शोभत नाही.

तमिळनाडूने वाट दाखवलेली आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची तिथली मातृत्व योजना १९८७ पासूनची. २०१८ मध्ये तिची रक्कम १८,००० रुपये झाली आणि त्यातला पहिला हप्ता बाराव्या आठवड्याआधीच्या नोंदणीला बांधला गेला. पाचव्या सर्वेक्षणात त्या राज्यात पहिल्या तिमाहीतली तपासणी ७७ टक्के आणि चार तपासण्या जवळपास ९० टक्के होत्या. हे श्रेय एकट्या रकमेचं नाही; तिथली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि औषधपुरवठा आधीपासून मजबूत आहेत. पण पैशाने वेळ दाखवली आणि केंद्राने ती पाळली.

महाराष्ट्राला करायचं ते याच धर्तीवर. मातृवंदनेचा पहिला हप्ता बाराव्या आठवड्याआधी येणाऱ्या प्रत्येकीला वाढीव मिळावा, अपत्य कितवंही असो. मात्र उशिरा आलेलीचा हक्क कापला जाऊ नये, कारण उशीर बहुधा तिने केलेला नसतो. तपासणीच्या दिवसाची बुडीत मजुरी पहिल्या भेटीपासून मिळावी. फुले योजनेत खाटेविना होणाऱ्या तपासण्या आणि पहिल्या दोन सोनोग्राफी ठरावीक दराने घ्याव्यात. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राला त्या टोळ्या आपल्याच म्हणून मोजाव्या लागतील असा आदेश निघावा. आणि सासर-माहेरच्या नावांचा घोळ बाईच्या हक्काआड येऊ नये.

सरकार हे करील तेव्हा करील. घराने थांबायचं कारण नाही. मूल हवं असं ठरलं की दोघांनी विम्याची कागदपत्रं काढून प्रतीक्षेचा काळ आणि मर्यादा वाचाव्यात, नोकरीत असाल तर कर्मचारी विम्याचं कार्ड चालू आहे ना ते पाहावं, आणि तेव्हापासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिड सुरू करावं. पाळी चुकली की आठवड्याभरात तपासणी, आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत नोंदणी, कार्ड हातात, नाव आधार आणि बँकेत एकच. पोटात असह्य दुखलं किंवा अंगावरून गेलं तर तीन महिने व्हायची वाट पाहायची नाही. यातलं काहीही सुनेवर एकटीवर सोडण्यासारखं नाही. जी सासू सातव्या महिन्यात ओटी भरते तिनेच दुसऱ्या महिन्यात तिला उपकेंद्रात घेऊन जावं, आणि नवऱ्याने त्या दिवशी आपलं काम सोडावं. जे कुटुंब आणि जे राज्य नवव्या महिन्यात एवढा खर्च करतं, त्याला दुसऱ्या महिन्यात त्याचा छोटासा हिस्सा खर्चणं जड नाही. तो तेव्हा केला नाही तर पुढचा सगळा खर्च उशिराचा ठरतो.